तिसऱ्या पायरीवरचा बोळा

आजी रोज सकाळी माळ्याचा जिना झाडायची आणि रोज तिसऱ्या पायरीवर थांबायची. तिथे एक काळा बोळा पडलेला असे, कधी दोन. अंगठ्याएवढा जाड, अंगठ्याएवढाच लांब, ताजा असला तर वर लाख चढवल्यासारखा चकाकणारा. आजी त्याला बोळाच म्हणायची, मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांना म्हणतो तसा. केरसुणीने तो सुपलीत लोटायचा, परसात कर्दळीच्या मुळाशी टाकायचा आणि वर तुळईकडे बघत म्हणायचं, "जेवणं झालेली दिसतात."

तुळईवर गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. पत्त्यांतल्या बदामासारखा पांढरा चेहरा, त्यात दोन काळे डोळे. पाहुण्या पोरांची घाबरगुंडी उडायची. आमच्या मराठी घरात घुबड अपशकुनी आणि शेजारच्या अग्रवालांकडे तेच लक्ष्मीचं वाहन. आजीने या दोन मतांच्या मधोमध आपली गादी घातली होती. "शकुनाचं देव बघेल, माझ्या गव्हाच्या कोठीला दोन वर्षांत भोक पडलेलं नाही," एवढंच ती म्हणायची. गंमत म्हणजे चौकातली गव्हाण तोवर रिकामी झाली होती. गाय केव्हाच विकली होती. गव्हाणीच्या नावाचं घुबड तेवढं वाड्यात उरलं होतं.

वाडा ग्वाल्हेरचा, लष्करातला. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचंच शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. सरदारांच्या नावांच्या वस्त्यांना आम्ही गोठ म्हणतो. 'शत्रूच्या गोटात'मधला गोट तो हाच, असं बाबा सांगत. आमची गोठ कुठली ते मात्र लिहीत नाही. वाडा आता नाही, पण शेजारच्या दोन वाड्यांत घुबडं अजून आहेत, आणि दिवाळीच्या आसपास घुबडांच्या जिवावर उठणारे मांत्रिकही आहेत.

1986 च्या थंडीत मला एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी विषय हवा होता. मैत्रिणींनी मासे घेतले, कारण मासे बाजारात मिळतात. मी आमच्या सरांना बोलता बोलता जिन्यावरच्या बोळ्याचं सांगितलं. सर भिंडकडचे, बोलायला कमी. ते खुर्चीतून उठलेच. "रोज गिरता है? एक ही जगह?" मी हो म्हणाले. "तो आपकी दादी आज तक मेरा डेटा फेंक रही हैं."

त्या दिवसापासून आजीची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. बोळा कर्दळीला न घालता गजक मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवायचा, सोबत तारखेची चिठ्ठी. आजीने काम चोख केलं, फक्त तारखा तिच्या पद्धतीने घातल्या. मार्गशीर्ष वद्य पंचमी. अमावास्या. पौष शुद्ध द्वितीया. मी रात्री पंचांग घेऊन बसायची आणि त्यांचे डिसेंबर-जानेवारी करायची. एकादशीला ती बोळ्याला हात लावत नसे. त्यासाठी चुलीजवळचा एक जुना चिमटा तिने वेगळा काढला होता. "माझी एकादशी, त्याची कुठली!" असं म्हणत चिमट्याने उचलायची.

सर त्याला पेलेट म्हणायचे. घुबडाचं जेवण म्हणजे चावणं-बिवणं काही नाही, उंदीर बहुधा अख्खाच गिळायचा. ससाण्याला किंवा घारीला गळ्यापाशी अन्न साठवायची पिशवी असते, घुबडाला ती नाही. घास थेट पोटात. पोटाचे दोन भाग: पहिल्यात पाचकरस, दुसऱ्यात स्नायूंची पिशवी. मांस विरघळून पुढे जातं. हाडं, केस, दात, किड्यांची कवचं मागे राहतात. ती पिशवी त्यांना दाबून दाबून केसांत गुंडाळते. गोळी तयार व्हायला सहा-सात तास लागतात. ती मग वरच्या भागात येऊन थांबते आणि पुढच्या शिकारीच्या आधी घुबड मान पुढे काढून, डोळे मिटून, तोंड वासून ती बाहेर टाकतं. मी हे एकदाच पाहिलं आहे. फार कष्टाचं काम वाटतं. टाकल्यावर ते इतकं शांत बसलं की मलाच हलकं वाटलं.

बोळा उघडायची माझी प्रयोगशाळा म्हणजे ओसरी. खाली रद्दी पेपर, मुलामा चढवलेली जुनी थाळी, कोमट पाणी, चहाची गाळणी आणि आजीच्या गोधडीचा दाभण. बोळा पाण्यात टाकला की अर्ध्या तासात सैल होतो. मग केस बाजूला सारत जायचं. पहिली कवटी निघाली तेव्हा मी ओरडलेच. सुपारीएवढी, वर एक ओरखडा नाही. मागे पाठीचे मणके, बरगड्या, नखांएवढे खांद्याचे चपटे भाग. घुबडाच्या पोटातला आम्ल ससाण्या-शिक्र्यांच्या मानाने सौम्य असतो, म्हणून हाडं इतकी धड निघतात. ससाण्याच्या पोटात तीच हाडं बरीचशी विरघळून जातात.

आता कवटी कुणाची हे ओळखायचं. त्याची किल्ली दातांत. उंदीर-घुशी कुरतडणारे: पुढे दोन लांब वाकडे दात, मग मोठी मोकळी जागा, मग दाढा. त्यांतही हरणासारख्या उड्या मारणाऱ्या शेतातल्या उंदराच्या वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच असते, तर घरातल्या लहान उंदराच्या दाताला आतल्या बाजूने पायरीसारखा खड्डा. बेडकाचं कमरेचं हाड लांब आणि पात्यासारखं. पक्ष्याची कवटी कागदासारखी पातळ. चिचुंद्रीला, म्हणजे आमच्याकडच्या छछुंदरीला, मोकळी जागा नसतेच. दातांची सलग रांग, शेतकऱ्याच्या करवतीसारखी, आणि गालाच्या हाडाची कमान गायब.

हे सगळं मी आज सुरळीत सांगते आहे. तेव्हा दोन आठवडे माझी फजिती चालली होती. ग्रंथालयात मिळालेलं ओळखीचं पुस्तक युरोपातलं होतं. त्यात ठळक लिहिलेलं: चिचुंद्रीच्या दातांची टोकं लाल असतात. मी भिंगाखाली लाल टोकं शोधत बसले. एकाही कवटीला सापडली नाहीत. म्हणून सलग दात असलेल्या, गालाचं हाड नसलेल्या डझनभर कवट्या मी 'ओळख पटली नाही' म्हणून एका वाटीत टाकल्या. सरांनी वाटी पाहिली, एक उचलली आणि नाकाशी नेऊन हुंगल्यासारखी केली. "इसे तो आपकी दादी भी पहचान लेंगी." युरोपातल्या चिचुंद्र्यांत लाल दातांचं एक मोठं कुळ आहे. आपल्या घरात रात्री भिंतीच्या कडेने चिकचिकत पळणारी चिचुंद्री पांढऱ्या दातांच्या कुळातली. पुस्तक चुकलं नव्हतं, ते दुसऱ्या गावाचं होतं.

दुसरी फजिती कॉस्टिक सोड्याची. केस उपसायचा कंटाळा आला की बोळा सोड्याच्या पाण्यात ठेवतात. केस विरघळून जातात, हाडं तळाशी स्वच्छ राहतात. किती वेळ ठेवायचा हे महत्त्वाचं. मी रात्रभर ठेवला. सकाळी जबडे होते, पण बहुतेक दात आपापल्या खोबणीतून सुटून तळाशी तांदळाच्या कणीसारखे पसरले होते. कुठला दात कुठल्या जबड्याचा, ब्रह्मदेवालाही सांगता आला नसता. सगळी ओळख दातांवर अवलंबून असताना मी दातच पाडून ठेवले होते.

मोजायची रीत मात्र मला तेव्हाच फार आवडली आणि अजून आवडते. एका बोळ्यात कवट्या दोन, डावे खालचे जबडे तीन, उजवे दोन. तर प्राणी किती? तीन. तीनपेक्षा कमी नाहीत एवढं नक्की, जास्त असतील. कवट्या फुटतात, हाडं पोटात जिरतात, पण प्रत्येकाला डावा जबडा एकच. म्हणून जे हाड सर्वांत जास्त वेळा मिळेल त्याचा आकडा धरायचा. त्याला 'कमीत कमी संख्या' म्हणतात. 'नक्की एवढे' म्हणायची हिंमत नाही आणि 'माहीत नाही' म्हणून हात वर करायचे नाहीत, असा तो आकडा आहे.

मार्चमध्ये मी निष्कर्ष लिहिला. झोकात लिहिला. 'ग्वाल्हेरच्या गव्हाणी घुबडांचा मुख्य आहार चिचुंद्री हा आहे.' 63 बोळे फोडून, हात पोळवून, डोळे लाल करून मिळवलेलं वाक्य होतं ते. सरांनी लाल पेन घेतलं आणि 'ग्वाल्हेरच्या'वर काट मारली. वर लिहिलं: एक जीना. मग 'घुबडांचा'वर काट, वर: एक जोडा. 'आहार'वर पेन थोडा वेळ थांबलं. तिथे त्यांनी काट मारली नाही. मला विचारलं, "ये इसने खाया है, या इसने फेंका है?"

मला राग आला होता, हे कबूल करते. फरक काय पडतो, असं वाटलं. घरी येऊन जिन्याखाली बसले तेव्हा एकेक गोष्ट सुचत गेली. घुबड एका रात्रीत साधारण दोन बोळे टाकतं. एक दिवसा बसायच्या जागी, दुसरा बहुधा रात्री कुठेतरी बाहेर, शिकारीच्या मधल्या विसाव्याला, एखाद्या खांबावर किंवा किल्ल्याच्या तटावर. म्हणजे जिन्यावर पडतं ते रात्रीचं अर्धंच जेवण. त्यातही पहाटे वाड्याकडे परतताना गल्लीत धरलेलं जास्त. गल्लीत काय असतं? गटारं. गटाराकाठी काय? चिचुंद्र्या. आणि मी गोळा केलं ते थंडीतलं. पावसाळ्यात बेडूक असतात, शेतात उंदरांची पोरं असतात, तेव्हाचे बोळे कर्दळीला गेले होते. शिवाय मी डोकी मोजली होती. चार लहान उंदरांचं वजन एका घुशीच्या पिल्लाएवढंही भरत नाही. घुबडाच्या पोटाला आकडा कळत नाही, वजन कळतं. पिंजऱ्यातल्या घुबडांना मोजून उंदीर खाऊ घातले आणि मग बोळ्यातले मोजले, तर दुसरा आकडा कमी भरतो, हेही नंतर वाचलं. काही पोटातच नाहीसे होतात.

आजीला मी हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तुला खरकट्यावरून पंगत ओळखायची आहे होय? लाडू कुणी पानात टाकत नाही, बाई."

या क्षेत्रातल्या अडचणीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. खरकटं हा शब्द तर शास्त्रात घ्यावा असाच आहे. कारण बोळ्याखेरीज शिकारी पक्ष्यांचा आहार ओळखायचा दुसरा जुना मार्ग म्हणजे खरकटंच. आमच्या परसातल्या लिंबावर शिक्रा यायचा. तो पक्षी धरला की एका ठरावीक फांदीवर बसून आधी पिसं उपटायचा. खाली पिसांचा सडा. होल्याची राखाडी पिसं, साळुंकीची पांढरा पट्टा असलेली, एकदा पोपटाची हिरवीगार. यावरून यादी केली तर शिक्रा पक्षीच खातो असं वाटेल. पण सरडा धरला की तो जवळजवळ सगळा पोटात जातो, खाली काही पडत नाही. नाकतोडा तर नाहीच नाही. रंगीत, मोठी, न कुजणारी वस्तू नजरेत भरते, बारीक-सारीक वाऱ्यावर जाते. उलट शिक्र्याच्या बोळ्यात हाड विरघळलेलं, त्यामुळे मोठी शिकारही नुसत्या केसांच्या झुपक्यावर येते. दोन्ही साक्षीदार थोडं खोटं बोलतात, पण वेगवेगळं खोटं बोलतात. म्हणून दोघांना समोरासमोर बसवायचं.

पिंगळ्याचा, म्हणजे त्या लहान घुबडाचा, बोळा तिसऱ्याच जातीचा. हाताळला की भुगा होतो, कारण त्यात केस थोडे आणि भुंग्यांचे पंख, झुरळांच्या तंगड्या, विंचवाच्या नांग्या जास्त. आजी लहानपणी विदर्भात होती, तिथे पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी तिने पाहिला होता. पिंगळ्याची भाषा कळते असं सांगून तो घराचं भविष्य बोलायचा. मी ओसरीवर भुग्यातून पंख वेचत बसले की ती म्हणायची, "काय म्हणतो तुझा पिंगळा?" मी म्हणायची, "काल झुरळं होती."

घारीपुढे मात्र बोळ्याची विद्या हात टेकते. फालके बाजाराच्या मागे खाटिकांच्या दुकानांवर घारी घिरट्या घालायच्या. आतडी, चरबी, मांसाचे तुकडे. कुणी टाकलेली पोळीसुद्धा. यातलं बोळ्यात काय उतरणार? मऊ अन्न खूण ठेवत नाही. गावातल्या घारीचा बोळा फोडून तिने खाल्लेला एखादा उंदीर सापडेल आणि आपण लिहू: घार उंदरावर जगते. तिथे शेवटी डोळ्यांनीच बघावं लागतं. घरट्यासमोर दुर्बीण लावून पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत बसायचं, प्रत्येक खेपेला चोचीत काय आलं ते टिपायचं. हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग आहे आणि सगळ्यांत कमी लोक तो धरतात, कारण उन्हात बसावं लागतं.

आमच्या आधीच्या लोकांनी उन्हात बसण्यापेक्षा बंदूक पसंत केली. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्याने 1885 मध्ये कायदाच केला, की ससाणा किंवा घुबड मारून आणा आणि 50 सेंट घ्या. कोंबड्या वाचतील अशी कल्पना. हजारो पक्षी मेले, तिजोरी रिकामी झाली आणि शेतात उंदीर वाढले. दोन वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. मग अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे 2700 शिकारी पक्ष्यांची पोटं तपासून 1893 मध्ये अहवाल काढला: बहुतेक जाती उंदीर आणि किडे खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतात. आपल्याकडे बिहारमधल्या पुसाच्या कृषी संस्थेतून मेसन आणि लेफ्रॉय यांचं भारतीय पक्ष्यांच्या अन्नावरचं पुस्तक 1912 मध्ये आलं, तेही पोटं उघडूनच. त्या अहवालांमुळे पुढे असंख्य पक्षी वाचले हे खरं. तरी एक गोष्ट मला खटकत राहते. पोट फाडून कळतं ते शेवटचं एक जेवण. त्यासाठी त्याची पुढची सगळी जेवणं बंद करायची. पिल्लांच्या गळ्याला दोरा बांधून घास अडवायचा आणि चिमट्याने काढून घ्यायचा, अशीही एक पद्धत होती. सरांनी ती वर्गात सांगितली, फळ्यावर चित्रही काढलं आणि लगेच पुसलं.

आणि कधी कधी काय खाल्लं ते बोळ्यात, पिसांत, खरकट्यात कुठेच दिसत नाही. लहानपणी किल्ल्याच्या कड्यांवर गिधाडांची रांग बसलेली असायची. उरवाई दरवाजाकडून चढताना वर बघितलं की दगड कुठला आणि गिधाड कुठलं, कळायचं नाही. नव्वदच्या दशकात ती विरळ झाली. खायला तर होतं, गुरं मरत होतीच. उत्तर 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून आलं. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या ज्या 25 गिधाडांची तपासणी झाली, त्या 25 च्या 25 जणांत डायक्लोफिनॅक सापडलं. गुरांना देतात ते दुखण्यावरचं साधं औषध. जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जात होतं. भारतात 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. इतकी वर्षं आम्ही 'काय खातात' विचारत होतो, 'खाल्लेल्याने काय खाल्लं होतं' हे विचारायचं राहून गेलं.

हा प्रश्न आता माझी भाची विचारते. भावाची मुलगी, शिकारी पक्ष्यांच्या आहारावरच पीएच.डी. करते आहे. वन खात्याची परवानगी, शिक्के, फायली, सगळं रीतसर. तिच्या बरोबर मुरैन्याकडच्या शेतांवर मी दोन-तीनदा गेले. गुडघा साथ देत नाही, तरी गेले. जुन्या विहिरीच्या कोनाड्यात घुबडाचं घरटं होतं, त्यासमोर तिने पोस्टकार्डाएवढा कॅमेरा बसवला. अंधारात न दिसणाऱ्या लाल उजेडावर चालणारा. रात्रभर जे आलं-गेलं ते वेळेसकट टिपलं जातं. मी माझ्या 63 बोळ्यांचं पुराण लावलं होतं, ते तिथेच आवरतं घेतलं. मग तिने चित्रं दाखवली. घुबड आलं, चोचीत काहीतरी लोंबतं आहे, शेपूट आहे. उंदीर? चिचुंद्री? शेतातला की घरातला? "आत्या, यातले निम्मे 'लहान सस्तन प्राणी' म्हणूनच लिहावे लागतात," ती म्हणाली. दात दिसत नाहीत ना चित्रात! मला आतून जरा बरं वाटलं, खोटं का बोलू.

पिसांची गोष्ट मला जास्त भावली. पीस वाढत असतं तेव्हा पक्ष्याने जे खाल्लं त्याचे अणू त्यात बसतात. वाढ पूर्ण झाली की पीस मेलं, मग त्यात बदल नाही. कार्बनचा एक जरा जड भाऊ असतो, तसा नायट्रोजनचाही. बाजरी, ज्वारी, मका, ऊस यांच्यात जड कार्बन जास्त. गहू, मोहरी, हरभरा, तांदूळ यांच्यात कमी. उंदराने बाजरी खाल्ली की त्याच्या अंगात ती खूण, उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडाच्या पिसात. आमच्याकडे खरिपात बाजरी आणि रब्बीत मोहरी-गहू. म्हणजे घुबडाच्या एका पिसावरून सांगता येईल की ते वाढत होतं त्या आठवड्यांत त्याचे उंदीर कुठल्या पिकावर पोसलेले होते. जड नायट्रोजन दर पायरीला हजारी तीन-चार भागांनी वाढतो, त्यावरून खाणारा साखळीत कितव्या पायरीवर बसला आहे तेही कळतं. उंदराचं नाव मात्र कळत नाही. तीस वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर मी आजीला केर भरताना पिसंसुद्धा जपायला लावली असती.

मग डीएनए. बोळ्यातला किंवा विष्ठेतला चिमूटभर भाग घ्यायचा, त्यातल्या जनुकांचा एक छोटा तुकडा लाखो वेळा वाढवायचा आणि नोंदलेल्या जातींशी ताडून बघायचा. हाड नको, दात नको. घारीने खाल्लेलं मऊ मांससुद्धा पकडता येतं. मला वाटलं, संपलं, आजीचा लाडूही सापडला! भाची हसली. पहिली पंचाईत म्हणजे नमुन्यात सगळ्यात जास्त डीएनए खुद्द घुबडाचाच. त्याला अडवावं लागतं, नाहीतर यंत्र तेच तेच सांगत बसतं. जी जात ताडून बघायच्या यादीतच नाही ती सापडूनही ओळखत नाही. हे ऐकून मला माझी 'ओळख पटली नाही'ची वाटी आठवली. किती खाल्ले ते सांगत नाही. तीन उंदीर होते की एक, ते शेवटी डाव्या जबड्यालाच विचारायचं. आणि घुबडाने चिचुंद्री खाल्ली, चिचुंद्रीने झुरळ, तर यादीत झुरळही येतं. खाणाऱ्याचं आणि खाल्लेल्याचं जेवण एकाच ताटात.

वाडा 2011 मध्ये पाडला. हिस्से फार, पैसे थोडे, वकील पुष्कळ. त्या गोष्टीत नवीन काही नाही. सामान हलवताना माळ्यावर गजकचा एक डबा मिळाला, तो मी घेऊन आले आणि विसरले. गेल्या थंडीत भाची जेवायला आली तेव्हा आठवण झाली. डबा उघडला तर आत डांबराच्या गोळीचा वास आणि कसरीने खाल्लेला भुसा. कसरीच्या अळ्यांना हे केस लोकरीइतकेच आवडतात. जबडे, कवट्या तशाच. माझ्या हातची यादी होती, निळ्या शाईतली. भाचीने ताट मागितलं आणि जेवण बाजूला ठेवून मोजायला बसली. मी 'चिमणी' म्हणून लिहिलेली एक कवटी तिने उचलली आणि माझ्यापुढे धरली. दात होते. चिमणीला कुठले दात! वटवाघूळ होतं ते. तीस-पस्तीस वर्षं मी त्याला चिमणी समजत होते.

तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात एक बोळा निघाला, न फोडलेला. चिठ्ठी आजीच्या अक्षरातली. भाचीने तो उलटसुलट करून पाहिला. डांबराच्या गोळीत इतकी वर्षं राहिल्यावर डीएनए मिळेल याची खात्री नाही, पण कोपरा कापून बघता येईल, असं म्हणाली. मी म्हटलं, कापू नकोस, पाण्यात टाक. ती म्हणाली, पाण्यात टाकला की आधीच थोडं उरलेलं सगळं जाईल. आमचं यावर चांगलं दहा मिनिटं भांडण झालं. शेवटी ती जिंकली. तिने बोळा चांदीच्या कागदात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि मोबाइलवर नमुन्याचा फॉर्म उघडला.

"तारीख?"

"पौष शुद्ध एकादशी," मी चिठ्ठी वाचली.

तिने जुनं पंचांग शोधलं, 1987 चा जानेवारी निघाला. मग जागा. नकाशावर तिने बोट ठेवलं, तिथे आता मोटारींच्या स्पेअर पार्टची दुकानं आणि वर लग्नाचा हॉल आहे. आकडे आपोआप भरले गेले.

"आणखी काही?"

"तिसरी पायरी," मी म्हटलं.

"त्याला रकाना नाही, आत्या."

"मग शेऱ्यात लिही. आणि लिही, चिमट्याने उचललेला आहे."